यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आणि एक जुना फ्लॅश : सात रोल काढून झाल्यावर

पहिल्यांदाच सांगतो, हा कॅमेरा मी विकत घेतलेला नाही त्यामुळं पैसे वसूल झाले का ते विचारू नका, खरं दुरुस्ती, सेल, रोल आणि लॅब मिळून आत्तापर्यंत जे गेलेत त्यात एखादा बरा सेकंडहँड डिजिटल आला असता हे घरात मला रोज ऐकायला मिळतं.

बेळगावजवळच्या उचगावला काकूच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत टॉवेलात गुंडाळून होता. मी पावसाळ्याआधी कौलं बघायला म्हणून वर चढलो आणि ट्रंक उघडून बसलो. खालून आवाज आला, "काय करूलालास रे वर एवढा वेळ? उंदरं हाईत तिथं."

"काकू, हा कॅमेरा कुणाचा गं?"

"कुणाचा म्हंजे? ह्यांनी कुवेतास्नं आणलेला की. अर्ध्या गावाची लग्नं काढल्यात त्यात. ने तुला पायजे तर, इथं काय उपेग हाय त्याचा."

सोबत चामड्याची केस, एक जाडजूड फ्लॅश ज्याच्या सेलच्या कप्प्यात हिरवी बुरशी आलेली, आणि इंदू छापाच्या ब्रोमाइड कागदाचं एक रिकामं पाकीट. इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा माल, सरकारी कारखाना, आता बंद पडलाय. ते पाकीट मी अजून ठेवलंय.

आता कॅमेऱ्याकडं येतो. इलेक्ट्रो ३५ ची पहिली आवृत्ती आली १९६६ ला, जीएसएन आला १९७३ ला. चंदेरी असेल तर जीएसएन, तोच कॅमेरा काळ्या अंगाचा असेल तर जीटीएन. लेन्स ४५ मिमी एफ १.७, कलर यशिनॉन, बदलता येत नाही. फोकस हातानं, खिडकीतल्या मधल्या पिवळसर ठिपक्यात दोन प्रतिमा दिसतात त्या एकावर एक आणायच्या. वजन पाऊण किलोच्या आसपास, गळ्यात दिवसभर अडकवला की संध्याकाळी मान सांगते. आणि शटरच्या स्पीडची चकती ह्याला नाहीच! लेन्सवर एक रिंग आहे, त्यावर तीनच खुणा, बी (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं), विजेचं चिन्ह (फ्लॅशसाठी) आणि ऑटो. तुम्ही अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत यायचं भोक ठरवायचं (एफचा आकडा मोठा तेवढं ते बारीक), स्पीड म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते कॅमेरा ठरवणार, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत मधलं काहीही, आणि किती ठरवला ते तुम्हाला कध्धीच सांगणार नाही. फक्त दोन दिवे. बटण अर्धं दाबलं की पिवळा लागला म्हणजे १/३० पेक्षा हळू चाललोय, हात हलवू नका. लाल लागला म्हणजे ऊन जास्त झालं, १/५०० च्या पुढं मी जाऊ शकत नाही, अ‍ॅपर्चर बारीक करा. दोन्ही नाही लागले तर बिनधास्त दाबा. एवढंच. पहिल्या दिवशी मला हे अपुरं वाटलं, आता मोबाईलचा कॅमेरा उघडला की पडद्यावरच्या खुणा बघून डोकं दुखतं.

खरं इथवर पोचायलाच मला चार महिने लागले, कारण सेल. ह्याला मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागतो, तो आता कुठंच मिळत नाही, पारा आहे म्हणून बंद झालाय. त्याच्याऐवजी ४एलआर४४ नावाचा ६ व्होल्टचा छोटा सेल चालतो पण तो १३ मिमी जाड आणि २५ मिमी लांब, कॅमेऱ्याचा कप्पा त्याच्यापेक्षा रुंदही आणि लांबही. ऑनलाइन अ‍ॅडाप्टर मिळतात, किंमत बघून मी हसलो, कारण मी उद्यमबागला लेथवरच काम करतो. जेवणाच्या सुट्टीत व्हर्नियर लावून कप्पा मोजला, नायलॉनचा तुकडा टर्न केला, मधे सेल बसेल एवढं भोक, मागं पितळेचा ठोकळा आणि टॉर्चमधली स्प्रिंग. वीस मिनिटांचं काम. शेटनी विचारलं हे कुठल्या पार्टीचं काम रे, म्हटलं कुवेतच्या. मागचं बटण दाबलं आणि फ्रेम मोजायच्या खिडकीत हिरवा दिवा लागला तेव्हा जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही. ०.४ व्होल्ट जास्त जातात त्याचा फोटोत मला तरी काही फरक दिसलेला नाही.

दिवा लागला पण फोटो नाही. पहिला रोल सगळा गचाळ, काही फ्रेम पांढऱ्याफटक काही काळ्या. इथल्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेला, त्यानं न उघडताच सांगितलं ह्याचा आयसी (आतली चिप) गेलाय शोकेसमध्ये ठेवा छान दिसतंय. नंतर स्वतः वाचत बसलो तेव्हा कळलं की इलेक्ट्रोचा हा ठरलेला आजार आहे, आत रबराचा एवढासा तुकडा असतो, पन्नास वर्षांनी त्याचा चुरा होतो आणि मग शटरला कधी काय करायचं ते समजत नाही. ओळखायची खूण अशी की रोल पुढं ढकलायचा लिव्हर ओढताना आतून एक ठक्क असा आवाज यायला पाहिजे. माझ्यात तो येत नव्हता. तुम्ही जुना इलेक्ट्रो घ्यायला गेलात तर दुकानात बाकी काही बघू नका, आधी लिव्हर ओढा आणि कान लावा, ठक्क नाही तर ठेवून या. मग कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं तो रबर बदलून दिला, मागच्या झाकणाचा स्पंज पण चिकट डांबरासारखा झालेला तो काढून नवा लावला, अठराशे घेतले आणि वर चहा पाजला. कोल्हापूर एकशे दहा किलोमीटर, दोन खेपा, त्याचं पेट्रोल मी हिशोबात धरत नाही.

आता फ्लॅशची गोष्ट, आणि हे सगळं लिहायला बसलो ते खरं त्याच्यासाठीच. लोक म्हणतात ऑटो एक्स्पोजर आहे, ऑटो फ्लॅश आहे, मग काय, दाबत सुटा. ह्या कॅमेऱ्यात ही दोन ऑटो एकमेकांशी बोलत नाहीत! कॅमेऱ्याला फ्लॅश लावलाय हे माहीतच नसतं. फ्लॅशच्या तोंडावर स्वतःचा एक डोळा असतो, तो समोरून परत आलेला उजेड मोजतो आणि पुरे झालं की वीज तोडतो, आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर दुसरा डोळा, तो आपलं वेगळंच मोजतो. दोघांच्या मधला दुभाष्या तुम्ही.

काकांचा फ्लॅश बुरशी घासून, व्हिनेगर लावून चालू झाला, चार पेन्सिल सेल, गाइड नंबर म्हणजे ताकदीचा आकडा २८. हा आकडा समजून घेतला की अर्धं काम झालं. आयएसओ (रोल उजेड किती पटकन टिपतो तो आकडा) १०० च्या रोलवर २८ ला अंतरानं भागायचं, पाच मीटरवर माणूस असेल तर एफ ५.६, दहा मीटरवर एफ २.८. रोल ४०० चा घातला की हाच आकडा दुप्पट, ५६ होतो, मग दहा मीटरवर सुद्धा एफ ५.६ चालतं. ऑटोवर ठेवलात तर हा हिशोब म्हणजे फ्लॅशची शेवटची हद्द, त्याच्या अलीकडचं तो स्वतः सांभाळतो आणि पलीकडचं कुणीच सांभाळत नाही.

पहिली परीक्षा मी चुकीच्या जागी घेतली, शिवजयंतीच्या चित्ररथाला. आपल्याकडची शिवजयंती तिथीनं, आणि चित्ररथाची मिरवणूक म्हणजे रात्र संपेपर्यंत, बेळगावच्या माणसाला हे सांगायला नको. ४०० चा रोल, एफ ५.६, रामदेव गल्लीच्या कोपऱ्यावर जागा धरून उभा. आणि उत्साहाच्या भरात रिंग ऑटोवरच राहिली. आता बघा काय होतं, ऑटोवर कॅमेरा रात्र बघतो आणि म्हणतो लई अंधार हाय बाबा, आणि शटर उघडं ठेवतो पाव सेकंद अर्धा सेकंद, फ्लॅश आपला सुरवातीलाच क्षणभर चमकून जातो, आणि पुढचा सगळा वेळ हॅलोजनच्या उजेडात पोरं नाचतात ती पण फिल्मवर जातात. एकेका पोराला तीन तीन हात, लेझीमच्या जागी पिवळा धूर. नऊ फ्रेम अशा गेल्या. एक त्यातली इतकी भारी आलीय की लोक विचारतात मुद्दाम केलंस काय, मी हो म्हणतो.

मग आठवलं आणि रिंग विजेच्या चिन्हावर नेली. तिथं शटर १/३० ला ठरलेलं, रात्र असो की दिवस. फरक पडला, तीन हातांचे दोन झाले, खरं १/३० म्हणजे सुद्धा काही फार नव्हे, मागं हॅलोजन असला की कडेला भूत दिसतंच. आणि दुसरा घोळ त्या फ्लॅशच्या डोळ्याचा. घोड्यावरचा छोटा शिवाजी सहा मीटरवर, हिशोबानं आरामात हद्दीत, पण फ्रेमच्या कडेला दोन मीटरवर पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा आले. फ्लॅशनं ते धोतर बघितलं, पुरे झालं म्हणून वीज तोडली, आजोबांचं धोतर लख्ख आणि महाराज अंधारात. अशावेळी ऑटो बंद करून फुल पॉवरवर टाकायचा आणि भागाकार आपण करायचा, हे शहाणपण मला रोल धुवून आल्यावर आलं. मिरवणुकीसाठी हा कॅमेरा घेऊ नका. घेतलात तर थांबलेल्या माणसांचे काढा, रथावर पोझ देऊन उभे राहिलेले मावळे अप्रतिम येतात कारण बिचारे हलतच नाहीत.

लग्नाला मात्र! चुलतभावाचं लग्न, कार्यालयात, ४०० चा रोल, एफ ५.६, विजेचं चिन्ह, फ्लॅश ऑटोवर, माणसं तीन ते पाच मीटरवर. ३६ पैकी ३१ फोटो चांगले. काकांनी अर्ध्या गावाची लग्नं ह्याच्यावर का काढली ते समजलं. फ्लॅश लेन्सच्या बराच वर असल्यामुळं डोळे लाल येत नाहीत, शालूचा जांभळा रंग जसा डोळ्यानं बघितला तसा. एकच त्रास म्हणजे कमी उजेडात तो पिवळा ठिपका माझ्या कॅमेऱ्यात इतका फिका झालाय की फोकस लागतच नाही, मग मी अंदाजानं पावलं मोजून रिंगवर मीटर लावायला लागलो. एफ ५.६ ला तेवढं चालून जातं. फक्त ०.८ मीटरच्या आत येत नाही हे लक्षात ठेवा, मेहंदीचे हात जवळून काढायला गेलो आणि सगळे धुरकट.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा कॅमेरा जपून ठेवणार ती. भर दुपारी फ्लॅश. हो, उन्हात. राजहंसगडावर गेलो होतो पोरांना घेऊन, बारा वाजलेले, पोरांच्या डोक्यावर टोप्या, त्यामुळं तोंडं काळी आणि मागं आभाळ पांढरं. मोबाईलवर काढलं तर तो आपलं सगळं सारखं करून टाकतो, तोंड पण राखाडी आभाळ पण राखाडी. इथं काय केलं, २०० चा रोल होता, एफ ८ ला लाल दिवा लागला कारण एवढ्या उन्हात १/५०० पण पुरेना, म्हणून एफ ११. रिंग ऑटोवर, म्हणजे आभाळ आणि गडाची तटबंदी कॅमेरा सांभाळणार. आणि फ्लॅशला खोटं सांगितलं की लेन्स एफ ८ वर आहे. त्यामुळं तो जेवढा टाकायला पाहिजे त्याच्या निम्मा उजेड टाकतो, टोपीखालची सावली फक्त पातळ होते, फ्लॅश मारलाय हे कळतसुद्धा नाही. हे जमतं कारण ह्याचं शटर लेन्सच्या आत पाकळ्यांचं आहे, कुठल्याही स्पीडला ते एकदा पूर्ण उघडतं आणि त्याच क्षणी फ्लॅश पडतो, अगदी १/५०० ला सुद्धा. त्या काळच्या मोठ्या एसएलआरना (लेन्समधूनच बघायचे कॅमेरे) पडद्याचं शटर, त्यातले बरेच १/६० ला नाहीतर १/१२५ ला अडकायचे, त्याच्या पुढं गेलात तर अर्धी फ्रेम काळी. म्हणजे आमच्या काकांचा हा ठोकळा ह्या एका बाबतीत त्यांच्या पुढं होता. येळ्ळूरच्या बाजूची शेतं, तट, आणि पुढं टोप्या घातलेली तीन पोरं हसताना, फ्लॅश मारून काढलेल्यांत माझा सगळ्यात आवडता फोटो आहे तो, मोठा करून घरात लावलाय.

एक गोष्ट सांभाळा, उजेड मोजायचा डोळा लेन्समध्ये नाही, बाहेर वरच्या बाजूला आहे. म्हणजे लेन्सवर झाकण राहिलं तरी कॅमेरा खुशाल सगळं ठीक आहे म्हणतो आणि खिडकीतून तुम्हालाही सगळं ठीक दिसतं. मी एकदा जांबोटीच्या घाटात सहा फ्रेम झाकणाच्या काढल्यात. फिल्टर लावलात तरी त्याला कळत नाही, आयएसओची चकती तुम्हालाच फिरवायला लागते. उजेड मागून असेल तेव्हा पण हीच युक्ती, २०० च्या रोलला चकती १०० वर नेली की एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट उजेड मिळतो, नंतर परत आणायला विसरायचं नाही, मी विसरतो.

रोल आणि लॅबबद्दल थोडक्यात कारण त्यात सांगण्यासारखं चांगलं काही नाही. ३६ फ्रेमचा कलर रोल हजाराच्या आसपास पडतो. इथं खडेबाजारात, किर्लोस्कर रोडला जेवढ्या स्टुडिओत विचारलं तेवढ्यांनी मशीन कधीच काढून टाकलं म्हणून सांगितलं, एकानं तर रोल हातात घेऊन पोराला बोलावून दाखवला, हे बघ रे ह्याच्यावर मी धंदा सुरू केला. मी मुंबईच्या एका लॅबला कुरियर करतो, बारा पंधरा दिवसांनी स्कॅन ईमेलवर येतात. एकदा त्यांनी निगेटिव्ह कापताना एक फ्रेम मधोमध कापली, फोन केला तर सॉरी सर. त्यात काय करणार. फ्लॅशवाले रोल पाठवताना तसं लिहून द्या, नाहीतर स्कॅन करताना ते चेहरे परत उजळवून ठेवतात आणि तुमची सगळी मेहनत वाया.

हाच का घ्यावा असं विचारणाऱ्यांसाठी. फक्त मजा करायची असेल तर कोडॅकचा एम३५ मिळतो प्लास्टिकचा, फ्लॅश आहे, पण एफ १० आणि १/१२० ठरलेलं, ऑटो वगैरे काही नाही, ऊन असलं की चालतंय. नवा आणि वॉरंटीचा पाहिजे आणि खिसा गरम असेल तर पेंटॅक्सनं २०२४ ला १७ नावाचा काढलाय, ऑटो एक्स्पोजर, आत फ्लॅश, अर्धी फ्रेम असल्यानं ३६ च्या रोलवर ७२ फोटो, मी हातात घेतलेला नाही. इलेक्ट्रो ऑनलाइन सहा सात हजारापासून दिसतात, टेस्टेड लिहिलेलं असतं, टेस्टेड म्हणजे दिवा लागतो एवढंच. माझ्या एका मित्रानं तसा घेतला, ठक्क नाही. कोल्हापूरचा पत्ता त्याला दिलाय.

आणि फ्लॅश काढून ठेवला की हा वेगळाच कॅमेरा होतो हे पण सांगायला पाहिजे. एफ १.७, ऑटो, पिवळा दिवा लागू दे काय लागतंय ते. काकूच्या स्वयंपाकघरात पहाटे, फक्त चुलीचा जाळ आणि कौलातल्या काचेतून आलेला थोडा उजेड, कॅमेरा तांदळाच्या डब्यावर टेकवून ठेवला आणि बटण दाबलं. टिक्. मग काहीच नाही. काकू भाकरी थापताना थांबून माझ्याकडं बघत राहिली, आणि मग दुसरं टिक्. सेकंदाच्या वर गेला असणार. थांबली म्हणून तोंड स्पष्ट आलं, जाळ हलला म्हणून मऊ आला, हातावरचं पीठ दिसतंय. माझ्या मते सातही रोलमधला हा एक नंबर, ह्याच्यात मी काहीच केलं नाही, सगळं त्या ऑटोनं केलं.

प्रिंट काढून उचगावला नेला. काकूनं चष्मा लावला, दारात उजेडाला जाऊन बघितला, परत आत आली.

"काळा आलाय रे."

"काकू, तसाच असतोय तो, चुलीच्या उजेडातला."

"ह्यांनी काढलेलं कसं लख्ख यायचं. फ्लॅश न्हाई काय मारलास? त्यो पण नेलायस न्हवं ट्रंकेतनं?"

रविवारी परत जायचंय. चार पेन्सिल सेल आणून ठेवलेत, काकू म्हणाली नवं लुगडं नेसून बसते.